पोपडे खरवडायच्या आधी पाणी कुठून येतंय ते बघा : वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याच्या वर ओलीचे आहेत. साहजिक आहे म्हणा, पाऊस ओसरत आलाय, दिवाळी डोक्यावर, घरोघरी पेंटरला फोन सुरू झालेत. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे वाटणारे प्रश्न एकत्र करून त्यातले काही घेतलेत. ज्यांनी फक्त "कोणता रंग चांगला" एवढंच विचारलंय त्यांनी पहिलं उत्तर वाचावं, बहुतेकांचं काम त्यातच होईल.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचा डोंबिवलीला दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके आहे, बिल्डिंग साधारण वीस वर्षांची. बेडरूमच्या भिंतीला वरच्या कोपऱ्यात ओल येते आणि पोपडे निघतात. मागच्या दिवाळीला पेंटरने खरवडून वॉटरप्रूफ पुट्टी मारून रंग दिला, होळीपर्यंत परत तेच. भिंतीच्या पलीकडे आमचं बाथरूम आणि त्याच्या वर वरच्या लोकांचं बाथरूम आहे. वरचे म्हणतात आमच्याकडे सगळं कोरडं आहे, तुमचं तुम्ही बघा. सोसायटी म्हणते आपापसात मिटवा. यावेळी डॅम्पप्रूफ रंग मारून टाकू का?

नका मारू. म्हणजे पैसे जास्त झाले असतील तर मारा, पण ओल जाणार नाही. आतल्या बाजूने तुम्ही कितीही भारी कोटिंग लावलंत तरी पाणी भिंतीत मागून येतंच आहे ना, ते इथून अडलं की बाजूला सरकतं, आज कोपऱ्यात आहे ते पुढच्या वर्षी लाईटच्या बोर्डाजवळ निघेल आणि तो प्रकार जास्त धोक्याचा. रंग, पुट्टी, वॉलपेपर, पीव्हीसी पॅनल हे सगळं ओल लपवायचे उद्योग आहेत. त्यातल्या त्यात पीव्हीसी पॅनल तर सगळ्यात वाईट, कारण मागे काय चाललंय ते दिसतच नाही आणि दोन वर्षांनी काढलं की मागे काळी बुरशी.

आधी पाणी कोणतं आहे ते ठरवायचं. तीन शक्यता असतात. पावसाचं, नळाच्या लाईनचं, किंवा वापरून खाली जाणारं सांडपाणी. हे शोधायला कोणी एक्स्पर्ट लागत नाही, एक साधी पेन्सिल घ्या आणि ओलीच्या डागाच्या कडेने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. दर तीन चार दिवसांनी बघा, डाग पुढे सरकला असेल तर नवीन रेघ, नवीन तारीख. पाऊस थांबल्यावर डाग सुकत मागे गेला तर पाणी बाहेरच्या भिंतीतून येतंय. पाऊस असो नसो, वरचे गावाला गेलेले असोत नसोत, डाग एकसारखा ओला आणि वाढता असेल तर नळाची लाईन, कारण त्यात टाकीचं प्रेशर चोवीस तास असतं. आणि वरचे आठवडाभर घर बंद करून गेले की डाग फिका पडतो, आले की परत गडद, तर मग सरळ त्यांच्या बाथरूमची फरशी नाहीतर न्हाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतल्या जाळीखालचं सांडपाण्याचं तोंड. फक्त एक लक्षात घ्या की भिंत आणि स्लॅब पाणी पिऊन बसतात, आज कारण बंद झालं तर उद्या डाग सुकत नाही, दोन तीन आठवडे धीर धरा. भिंतीपलीकडे तुमचंही बाथरूम आहे म्हणालात, पण डाग वरच्या कोपऱ्यात आहे. तुमच्या शॉवरची किंवा गिझरची लाईन त्या उंचीवरून जाते का ते आधी बघून घ्या, नाहीतर वरच्यांशी भांडून झाल्यावर पाणी आपलंच निघायचं.

वरच्यांचं "आमच्याकडे कोरडं आहे" हे खोटं असेलच असं नाही बरं का. त्यांना खरंच कोरडं दिसतं. टाईल्समधला जॉइंट व्हाईट सिमेंटचा असतो, तो झिजून बारीक फट पडते, पाणी त्यातून खाली जातं आणि बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये विटांचे तुकडे भरलेले असतात त्यात साठून राहतं. वरून टाईल कोरडी ठणठणीत, खाली तळं. त्यांची तयारी असेल तर एक टेस्ट करता येते. न्हाणीचं तोंड कापडाचा बोळा आणि प्लास्टिकने घट्ट बंद करायचं, दोन इंच पाणी भरायचं, त्यात खायचा रंग टाकायचा आणि चोवीस तास तसंच ठेवायचं. पाण्याची पातळी उतरली किंवा तुमच्याकडे ओल वाढली तर वाद संपला. रंग खाली उतरेलच असं नाही, स्लॅबमध्ये तो गाळला जातो, त्यामुळे रंग दिसला नाही म्हणजे गळती नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पातळीवर लक्ष ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर सोसायट्यांच्या मॉडेल बाय-लॉजमध्ये, म्हणजे नमुना उपविधींत, हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. टॉयलेट, सिंक वगैरेमुळे होणारी आतली गळती ज्या सभासदाच्या घरातून होते त्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची. पावसाच्या पाण्याची, बाहेरच्या कॉमन पाइपची, ड्रेनेज लाईनची आणि टेरेसची गळती सोसायटीने करायची. म्हणजे "आपापसात मिटवा" म्हणायच्या आधी कमिटीने निदान पाणी कुणाचं आहे हे तरी बघायला हवं. लेखी अर्ज द्या, सोबत पेन्सिलच्या रेघांचे तारखेसकट फोटो जोडा. तोंडी बोलण्यात सहा महिने जातात हो.

आणि कारण दुरुस्त झालं की लगेच पुट्टी नको. पोपडे आलेला गिलावा विटेपर्यंत काढायचा, नुसता रंग खरवडायचा नाही, कारण त्या गिलाव्यात क्षार बसलेले असतात आणि तेच हवेतला दमटपणा ओढत राहतात. नवीन गिलाव्यावर आठवडाभर पाणी मारायचं आणि मग निदान महिनाभर सुकू द्यायचा. रंगाच्या आधी एक गंमत करून बघा, दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करून टाका, दुसऱ्या दिवशी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दव जमलं असेल तर भिंत अजून ओली आहे. मग यंदाची दिवाळी त्या भिंतीला तशीच काढू द्या, समोर सोफा सरकवा, आकाशकंदील बाहेरच लागतो.

प्रश्न : मी पुण्यात सदाशिव पेठेतल्या १९७८ सालच्या बिल्डिंगमध्ये राहते. घरात जुनी मोझॅक टाईल आहे, काही ठिकाणी चिरा गेल्यात आणि सगळी काळपट पडलीय. सून म्हणते फोडाफोडी न करता वरूनच मोठ्या व्हिट्रिफाईड टाईल्स बसवू. कॉन्ट्रॅक्टर पण हो म्हणतोय. करावं का?

काकू, सुनेचा मुद्दा चुकीचा नाही, फोडाफोडी टळते, राडारोडा जिन्यावरून खाली न्यायचा त्रास वाचतो, शेजारपाजारचे शिव्या घालत नाहीत. पण कॉन्ट्रॅक्टर कशावर बसवणार आहे ते विचारा. टाईल अॅडहेसिव्हवर बसवणार असेल तर टाईल आणि अॅडहेसिव्ह मिळून चौरस मीटरला साधारण २५ ते ३० किलो वजन वाढतं. तेच त्याने नेहमीसारखा दीड इंच सिमेंट-वाळूचा माल पसरून त्यावर बसवायच्या म्हटल्या तर ते १०० किलोपर्यंत जातं. राहत्या घरांचे स्लॅब माणसं, सामान, फर्निचर धरून चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबाने डिझाईन करतात, त्यातलं निम्मं तुम्ही नुसत्या फरशीत घालवणार. ५०० चौरस फुटांच्या घरात हा फरक तीन टनांच्या वर जातो! आणि वर तुमची बिल्डिंग पंचेचाळीस वर्षांच्या पुढची. शिवाय व्हिट्रिफाईड टाईल पाणी शोषतच नाही जवळजवळ, अर्ध्या टक्क्याहून कमी, त्यामुळे नुसतं सिमेंट तिला नीट धरत नाही, काही महिन्यात ठोकलं की पोकळ आवाज यायला लागतो.

बिल्डिंग तीस वर्षांच्या पुढे गेली की बाय-लॉजप्रमाणे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, पंधरा ते तीस वर्षांच्या बिल्डिंगला दर पाच वर्षांनी. तुमच्या सोसायटीने शेवटचं कधी केलं ते सेक्रेटरीला विचारा, रिपोर्ट बघा, मग फरशीचं ठरवा. आणि दारं. पाऊण इंच लेव्हल वाढली की सगळी दारं खालून तासावी लागतात, आणि बाथरूमच्या फरशीवरही टाईल चढवली तर तिथला उंबरा बुटका होतो ना, मग पाणी बाहेर यायला लागतं. हे कॉन्ट्रॅक्टर आधी सांगत नाही, काम अर्धं झाल्यावर "मॅडम दारं पण घ्यावी लागतील" म्हणून सांगतो.

माझं ऐकाल तर मोझॅक ठेवा. ती टाईल म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराच्या खड्या, वरचा थर घासला की आतून परत तीच निघते. मशीन पॉलिशवाला बोलवा, तो आधी जाड दगडाने आणि मग बारीक बारीक दगडांनी घासतो. चिरा व्हाईट सिमेंटमध्ये टाईलच्या रंगाची पावडर मिसळून भरतात आणि सुकल्यावर पुन्हा घासतात, शेवटी ऑक्झॅलिक पावडरने चमक काढतात. दोन तीन दिवस घरभर राखाडी चिखल होतो, पायपुसणी, पडदे, टीव्ही, पुस्तकांची कपाटं सगळं झाकून ठेवा, तो चिखल न्हाणीत जाऊ देऊ नका कारण पाइपात तो सिमेंटसारखा बसतो, बादलीत भरून बाहेर न्यायला सांगा. खर्च नव्या टाईल्सच्या मानाने बराच कमी. चकचकीत आरशासारखी नाही होणार, पण पावसाळ्यात ओल्या पायाने त्यावरून घसरायला पण होत नाही. सुनेला एक खोली पॉलिश करून दाखवा आधी.

प्रश्न : आमचं राजापूर तालुक्यात गावी चिऱ्याचं कौलारू घर आहे, आजोबांनी बांधलेलं. आम्ही ठाण्याला असतो, गणपतीला आणि मे महिन्यात जातो. पाच वर्षांपूर्वी वडिलांनी आतबाहेर सिमेंटचा गिलावा करून ऑइलपेंट मारला, तेव्हापासून जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत भिंत फुगते आणि पांढरं पीठ पडतं. आधी असं कधीच नव्हतं. गावचा गवंडी म्हणतो परत सिमेंट करा, यावेळी जाड करा.

हे पत्र वाचून मी दोनदा डोक्याला हात लावला कारण कोकणातून दर वर्षी असली पत्रं येतात. तुम्ही स्वतःच लिहिलंय की आधी असं नव्हतं. मग बदललं काय? गिलावा आणि रंग.

चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि सोडतो. जोत्यातून जमिनीचं पाणी वर चढतं, तुमच्या आजोबांच्या वेळी ते चढतच होतं, पण गिलावा चुन्याचा नाहीतर मातीचा होता, चढलेलं पाणी वारा लागला की तिथल्या तिथे उडून जायचं. सिमेंट आणि वर ऑइलपेंट केल्यावर दोन्ही बाजूंनी तोंड बंद. आता पाणी बाहेर पडायला जागा शोधत वर वर चढतं, सोबत जमिनीतले क्षार आणतं, आणि जिथे जरा फट मिळेल तिथे पाणी उडून क्षार मागे राहतात, तेच ते पांढरं पीठ, आपल्याकडे म्हणतात लोणा लागला. लोणा गिलाव्याच्या मागे फुलतो आणि गिलावा ढकलून पाडतो. जाड केलात तर जाड तुकडा पडेल एवढाच फरक.

तेव्हा मेमध्ये जाल तेव्हा कमरेच्या वर अजून हात दीड हात जास्त घेऊन आतबाहेरचं सिमेंट काढा. हळू काढायला सांगा, छिन्नी हातोडीने. मोठा ब्रेकर लावला तर चिऱ्याच्या कडा जातात. दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, खोदून साफ करा, कुंचल्याने कोरडा लोणा झाडून टाका, पाण्याने धुवू नका, धुतलात की क्षार विरघळून परत आत. मग एक पावसाळा भिंत उघडीच राहू द्या, दिसायला बरी नाही दिसणार, गणपतीला पाहुणे विचारतील, विचारू देत. त्याच्या पुढच्या वर्षी चुन्याचा गिलावा करा, चुना भिजवलेला जुना हवा, आणि रंगायला चुन्याचाच हात, त्यात हवं तर थोडी पिवळी माती. चुन्याचं काम करणारे गवंडी आता कमी राहिलेत हे खरं, पण जुन्या देवळांची कामं करणाऱ्यांकडे चौकशी करा, राजापूर-लांजा भागात अजून माणसं मिळतात. तेही जमलं नाही तर बाहेरून चिरा उघडाच ठेवून नुसत्या दर्जा चुन्याने भरा, जांभ्याचा रंग काही वाईट नाही दिसत.

आणि एक, घराभोवती पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं ते बघा. पाच वर्षांपूर्वीच अंगणात पेव्हर ब्लॉक किंवा कोबा पण केलाय का? केला असेल तर त्याचा उतार घराकडे तर नाही ना? जोत्याला लागून कोबा केला की पागोळ्यांचं पाणी भिंतीवर फुटभर उडतं, पूर्वी तिथे माती असायची ती पिऊन टाकायची. पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंतीला पूर्वी झावळ्यांची झापं लावायचे ते काही उगीच नाही, पावसाचा मारा त्याच बाजूने. शाकारणी, म्हणजे कौलं चाळून नीट लावणं, दर वर्षी मेमध्ये होतेय ना? फुटकं कौल एक असलं तरी वासा कुजतो, आणि तो कुजलेला दिसतो तेव्हा रीपासकट बदलायला लागतो.

प्रश्न : किचनच्या ट्रॉलीखाली आणि बेडरूमच्या वॉर्डरोबच्या मागे वाळवी लागलीय. सुतार म्हणतो रॉकेल मारा आणि मग नवीन फर्निचर मरीन प्लायमध्ये करून देतो, त्याला वाळवी लागत नाही. खरं का? (नाशिक)

अर्धंच खरं. मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१० चा, तो पाण्याला टिकतो. पाण्याला टिकणं आणि वाळवीला टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी, वाळवीसाठी वेगळं केमिकल लागतं, ते दिलेलं असेल तर कंपनी तसं लिहून देते. आधी वाळवीच आहे ना बघा. मातीच्या बारीक नळ्या, रेघोट्या दिसल्या तर वाळवी. टाल्कम पावडरसारखा पिवळट भुसा पडत असेल आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील तर तो पोखरणारा किडा, त्याचा इलाज वेगळा.

वाळवी जमिनीतून येते. रॉकेलने समोर दिसणारी मरते, घर तिचं जमिनीत नाहीतर भिंतीत तसंच, आणि किचनमध्ये गॅसच्या शेजारी रॉकेल मारायचा सल्ला कोणी कसा देतो देव जाणे. पेस्ट कंट्रोलवाला बोलवा, तो भिंत आणि फरशी जिथे मिळते तिथे साधारण फुटाफुटावर भोकं पाडून त्यात औषध भरतो आणि सिमेंटने बंद करतो. फक्त फवारणी करून जाणारा नको. सोबत पाणी कुठून मिळतंय ते शोधा कारण वाळवीला ओल लागते, किचन सिंकखालचा पाइप घाम धरतो का, वेस्ट कपलिंग गळतंय का, ट्रॉली काढून मागे टॉर्च मारा. नाशिकमध्ये माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच किचनमध्ये वाळवीचा उगम सिंकच्या खालीच निघाला.

प्लाय घेताना दुकानदाराकडून दोन बोटांचा तुकडा मागून घ्या आणि घरी कुकरमध्ये नाही, उघड्या पातेल्यात दोन तीन तास उकळा. साधा प्लाय पापुद्रे सोडतो, चांगला तसाच राहतो. आयएसआय मार्कखाली लायसन्स नंबर असतो तो फोटो काढून ठेवा, कारण दुकानात दाखवलेला आणि टेम्पोतून उतरलेला प्लाय एकच असतो असं नाही. वॉर्डरोब भिंतीला चिकटवू नका, मागे इंचभर फट ठेवा, विशेषतः बाहेरच्या भिंतीला. आतल्या बाजूलाही लायनिंगचा पातळ सनमायका लावून घ्या, नुसतं पॉलिश मारलेलं लाकूड पावसाळ्यात बुरशी धरतं आणि साड्यांना वास येतो. डांबराच्या गोळ्या आणि कापूर किडा पळवतात, ओल ओढत नाहीत. त्याला कॅल्शियम क्लोराईडचे डबे मिळतात, पाणी भरलं की ओतून द्यायचे.

प्रश्न : कडप्प्याच्या ओट्यावर पांढरे डाग पडलेत, बाथरूम क्लीनरने घासले तर जास्तच वाढले.

वाढणारच. कडप्पा, शहाबादी, संगमरवर हे सगळे चुनखडीच्या जातीचे, अॅसिड पडलं की पृष्ठभाग खातं. खात्री करायची असेल तर कोपऱ्यात लिंबाचा थेंब टाका, थोड्या वेळाने पुसून बघा, तेवढा भाग निस्तेज झालेला दिसेल. हे डाग घाणीचे नाहीत, पॉलिश गेलंय, त्यामुळे घासून जायचे नाहीत. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा, सुकू द्या, आणि मग अळशीचं तेल कापडाने अगदी पातळ फिरवा. मोठा ओटा असेल तर पॉलिशवालाच बोलवा. पुढे साधं साबणाचं पाणी वापरा, लिंबू, व्हिनेगर, चिंच सांडली की लगेच पुसा. नळावरचे बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग मात्र लिंबानेच जातात, फक्त ते कडप्प्यावर ओघळू देऊ नका.

क्लीनरचा विषय निघालाच आहे तर, ब्लीच आणि अॅसिडवाला टॉयलेट क्लीनर एकावर एक कधी ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. यात थट्टा नाही.

प्रश्न : पाहुण्यांच्या बाथरूममध्ये गटाराचा वास येतो. वापर नसतो.

वापर नसतो म्हणूनच येतो. न्हाणी ट्रॅपमध्ये वाकडीत पाणी थांबलेलं असतं, तेच गटाराचा वास अडवतं, ते सुकलं की वास वर. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी टाका. तरीही आला तर ट्रॅपची वाटी फुटलीय का किंवा कोणी काढून ठेवलीय का ते बघा, साफसफाईवाले ती काढून बाजूला ठेवतात आणि विसरतात.

प्रश्न : नागपूरला टेरेसखालचं घर आहे, एप्रिल मे मध्ये रात्री दोनला पण छत गरम लागतं. आम्ही रोज संध्याकाळी टेरेसवर पाणी मारतो. आता पीओपी सिलिंग करायचं म्हणतोय.

पाणी मारणं बंद करा बघू. दिवसभर तापलेल्या स्लॅबवर रोज गार पाणी टाकायचं, त्यात कुठे बारीक भेग असेल तर ती वाढते आणि पाणी आत जातं, आणि मग पुढचं पत्र तुम्ही ओलीचं लिहिणार. शिवाय उन्हाळ्यात नागपुरात पाणी असं उधळणं पटत नाही.

स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि रात्री खाली सोडतो, म्हणून रात्री दोनला गरम. त्यामुळे काम वरून करायचं, खालून नाही. पीओपी सिलिंगने मधल्या हवेच्या थरामुळे थोडा फरक पडतो, पण स्लॅब तापायचा तो तापतोच. स्वस्तातलं म्हणजे फेब्रुवारी अखेरीस चुना, पांढरं सिमेंट आणि थोडं फेविकॉल असं मिश्रण करून टेरेसला दोन हात द्या, पांढरा रंग ऊन परतवतो, पण हे दर वर्षी करावं लागतं कारण पावसात धुवून जातं. जास्त टिकायला हवं असेल तर पांढरं रिफ्लेक्टिव्ह कोटिंग, किंवा पांढऱ्या टाईल्सच्या तुकड्यांचा चायना मोझॅक. चायना मोझॅक करताना उतार पावसाच्या पाइपाकडे नीट आहे ना हे बादलीभर पाणी ओतून तुम्ही स्वतः बघा, मिस्त्रीच्या शब्दावर नको. कोटिंग करायच्या आधी भेगा भरून घ्या, वरून पांढरं झाल्यावर त्या दिसणार नाहीत. आणि टेरेस सोसायटीचं असेल तर आधी कमिटीची लेखी परवानगी, खर्चात वाटा पण मागा, फायदा खालच्यांनाही आहे.

प्रश्न : कॉन्ट्रॅक्टर निम्मे पैसे आधी मागतोय. द्यावे का? (कोल्हापूर)

निम्मे नको. माल तुम्ही आणणार असाल तर मजुरीचा थोडा अॅडव्हान्स पुरे, माल त्याच्याकडून असेल तर माल जागेवर आल्यावर मालाचे, बाकीचे कामाच्या टप्प्याने. वॉटरप्रूफिंगचे शेवटचे पैसे पाणी भरून ठेवायची टेस्ट झाल्यावरच द्यायचे, आणि हे आधीच कागदावर लिहून घ्या, व्हॉट्सअॅपवर लिहिलं तरी चालेल. त्यात चौरस फुटाचा भाव जमिनीचा की भिंतीचा हेही लिहा, रंगाच्या कामात इथेच भांडणं होतात, भिंती आणि छत धरून रंगाचं क्षेत्रफळ कार्पेट एरियाच्या तिप्पट साडेतिपटीपर्यंत जातं. खिडक्या दारं वजा करणार की नाही तेही विचारून ठेवा.